चौथीच्या वर्गातली रापण

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या शनिवारी मी जाळ्यात सापडलो नव्हतो. मी जाळं हलवत होतो, आणि हलवता हलवता काही काळ त्याच्या आत होतो. आमच्या सुरूवाडीत ही हकीकत सांगताना माझ्या तोंडी 'वाचवा, वाचवा' असे शब्द घालतात. मी ते उच्चारलेले नाहीत. मी फक्त शिट्टी वाजवली, तीही शाळेच्या कवायतीची, म्हणजे अधिकृत.

मी रोनाल्ड घोन्साल्विस, सुरूवाडीच्या प्राथमिक शाळेत उपशिक्षक. शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक. समुद्राच्या बाजूच्या खोलीत पहिली ते तिसरी बसते, ती एकोणीस वर्षं माझ्याकडे होती. पाणंदीच्या बाजूच्या खोलीत चौथी, ती मुख्याध्यापिका विनीताबाईंकडे. एकोणीस वर्षांत मी किती नाकं पुसली, किती चड्ड्यांच्या गाठी सोडवल्या आणि 'आवशीक बोलवा' म्हणून आईसाठी भोकाड पसरणारी किती पोरं कडेवर घेऊन फळ्यावर लिहिलं, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. चौथी म्हणजे निराळा मान. चौथीला शिवाजी महाराज असतात! अफझलखानाचा धडा मी घरी आरशासमोर इतक्या वेळा शिकवला आहे की आमच्या जेसिंताला, म्हणजे माझ्या बायकोला, तो पाठ आहे. ती मध्येच पुढचं वाक्य सांगते आणि माझा सगळा आवेश उतरतो.

तर यंदा एप्रिलमध्ये विनीताबाई म्हणाल्या, "घोन्साल्विस, आता मला दोनच वर्षं राहिली. लहान मुलं मला द्या, चौथी तुम्ही घ्या." मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. घरी येऊन मात्र जेसिंताला उचलून घेतलं आणि कमरेत उसण भरली ती मे महिनाभर पुरली.

सोळा जूनला, सोमवारी, शाळा उघडणार होती. गुरुवारी सकाळी मी झाडू, बादली, नवा नकाशा आणि रंगीत खडू घेऊन चौथीची खोली साफ करायला गेलो. कुलूप उघडलं, दार ढकललं. दार वीतभर उघडलं आणि थांबलं. आत रापण होती.

इथं घाटावरच्या वाचकांसाठी दोन शब्द. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही बाजूंचे दोर धरून अख्खी वाडी वाळूवरून ओढते. ते एका माणसाचं नसतं, सगळ्या वाटेकऱ्यांचं असतं. आमच्या वाडीच्या रापणीला बावीस वाटेकरी आहेत. त्या रापणीचा चौथीच्या खोलीत जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत डोंगर झाला होता, आणि त्या डोंगराला गेल्या हंगामातल्या बांगड्यांचा वास होता.

ती तिथं कशी आली, हे मी विचारू शकत नव्हतो, कारण मला ते माहीत होतं. मेच्या शेवटच्या वादळात रापण ठेवायच्या मांगराचे पत्रे उडून माडांवर जाऊन बसले. जाळं भिजायला लागलं. रापणीचा पुढारी बाबली मोर्जे धावत माझ्या दारात आला, शाळेची चावी माझ्याकडे असते म्हणून. "गुरुजी, दोन दिसांची गजाल. पत्रे घातले काय परत नेतंव." मी तेव्हा चौथीच्या आनंदात होतो. मला जगात कुणालाही नाही म्हणता येत नव्हतं. नुसती चावी देऊन मी थांबलो नाही. भर पावसात लोक जाळं ओढत आणताना बघून माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मीही पुढं होऊन दोर धरला आणि 'ओढा रे होऽऽ' करत शाळेपर्यंत आलो. लोकांनी कौतुक केलं. कौतुकानं माझं नेहमीच नुकसान झालं आहे.

दोन दिवसांचे अठरा दिवस झाले होते. मी तसाच, बादली हातात, बाबलीकडे गेलो. तो अंगणात बसून काजूच्या बिया निवडत होता.

"बाबली, जाळं उद्याच्या उद्या हलवा. सोमवारी शाळा आहे."

"होय तर," बाबली म्हणाला. "पण ता काय माज्या एकट्याच्या हातात नाय, गुरुजी. रापण सगळ्यांची. हलवची झाली तर सभा घेवक होयी."

"मग घ्या सभा!"

"घेतंव ना. तुमी पण येवा. तुमी वाटेकरी."

"मी?"

"त्या दिवशी तुमी दोर धरलास मां? रापणीचो दोर धरल्यान तेचो वाटो. वाडवडलांपासून कायदो आसा तो. आणि रापण ठेवची ती वाटेकऱ्याच्याच जाग्यात. भायल्याच्या जाग्यात ठेवक नाय. चावी तुमच्याकडे, दोर तुमी धरलास, म्हणान तर शाळेत ठेवली!"

म्हणजे मी दोर धरला नसता, तर जाळं शाळेत आलंच नसतं. मी बादली घेऊन घरी आलो. जेसिंतानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुका दोर धरूक कोणी सांगल्यान?"

आमच्या शेजारी रविराज राहतात. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण नियंत्रण सुटलेलं नाही. कुंपणावरून त्यांनी सगळं ऐकलं होतंच. "गुरुजी, लेखी द्या," ते म्हणाले. "तोंडी काय एक चलना नाय. लेखी दिलास काय समोरचो घाबारता."

लेखी देण्यासाठी मी त्याच दुपारी तालुक्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या लिपिकांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"वस्तू शाळेच्या खोलीत आहे?"

"आहे."

"जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत आहे?"

"नाही."

"मग ती वस्तू नाही."

"अहो, ती खोलीभर आहे!"

"असेल. पण नोंद नसलेली वस्तू हलवायची परवानगी आम्ही कशी देणार? आधी नोंद करा."

"आणि नोंद केल्यावर?"

"मग ती शाळेची मालमत्ता. निर्लेखन समितीची बैठक होईपर्यंत जागेवरून हलवता येणार नाही. बैठक मार्चमध्ये असते." हे सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मी जवळजवळ आभार मानले.

लेखी दिल्याचा एकच परिणाम झाला. अर्जाची बातमी आमचे केंद्रप्रमुख सुदेश पाटणकर साहेब यांच्या कानावर गेली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. साहेब माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकताना त्यांना चक्कर येते.

"घोन्साल्विस, सोमवारी दहाला मी प्रवेशोत्सवाला येतोय. चौथीला खोली आहे की नाही, हे मला नमुन्यात भरायचंय. नसेल तर चौथी तात्पुरती खाडीपलीकडच्या शाळेत बसवू. तिथं खोली रिकामी आहे."

"तात्पुरती म्हणजे किती, साहेब?"

"पुढील आदेश होईपर्यंत."

खरं सांगतो, तोपर्यंत हे सगळं मला माझ्या मानापमानाचं वाटत होतं. पण पुढील आदेश म्हणजे काय, हे एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. चौथीची माझी अकरा पोरं पावसाळाभर तरीच्या होडीतून खाडी ओलांडणार. जूनमध्ये आमच्या खाडीचं पाणी बघून मोठी माणसंही मागं फिरतात. निम्मी पोरं घरी बसणार. आणि एकदा नाव पलीकडच्या हजेरीत गेलं की परत येत नाही.

शुक्रवारी सभा झाली. मांगराला पत्रे नव्हते, तेव्हा वाडीत एवढी माणसं मावणारी कोरडी जागा एकच, चौथीची खोली. दार चौघांनी रेटून उघडलं, आणि खोलीत जागा नव्हती म्हणून सगळे जाळ्यावरच चढून बसले. बाबली सर्वांत वर, आढ्याला डोकं लागेल असा. मी मध्यावर कुठंतरी एका दोराच्या वेटोळ्यात. जाळं हलवण्याच्या सभेत जाळ्यावर बसून तीन तास झाले. त्यात पत्रे कुणी नीट ठोकले नव्हते हे निघालं, गेल्या वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेत कुणी कुणाला ओळख दाखवली नाही हे निघालं, आणि शेवटी, चहाची किटली रिकामी झाल्यावर, माझा विषय निघाला.

"ठेवची खंय?" कुणीतरी विचारलं. "कोणाच्या घरात एवडी जागा?"

मग बावीसच्या बावीस चेहरे माझ्याकडे वळले.

याचं कारण सांगायला हवं. गेल्या वर्षी मी घराच्या अंगाला गॅरेज बांधलं. लांब, उंच, वर पक्का स्लॅब, पुढं लोखंडी शटर. गाडी नव्हती. गाडी आधी घेऊन ती पावसात भिजवणाऱ्यांतला मी नव्हे. आधी गॅरेज, मग गाडी, असा माझा क्रम होता. वर्षभर लोक ते गॅरेज बघायला येत होते आणि आत वाकून 'गाडी खंय?' असं विचारत होते. ती गाडी आता वीस जूनला येणार होती. रुपेरी रंगाची.

"गुरुजींचा गॅरेज आसा मां," बाबली हळूच म्हणाला.

"माझी गाडी येतेय," मी म्हटलं. "वीस तारखेला."

"गाडी भायर ठेवलास तर काय विरघाळतली?" हे विमला बोलली. विमला मासे विकते, आणि समोरच्याला बोलण्यात हरवून मगच मासे देते. तिची रिया यंदा चौथीत.

मला राग आला. वाडीत पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी झाकून ठेवण्यासारखं येत होतं आणि ते उघड्यावर ठेवा म्हणे! "तो माझा खासगी प्रश्न आहे," असं मी शाळेच्या मराठीत म्हणालो. सभा संपली. पुढची सभा नारळी पौर्णिमेनंतर, असं ठरलं.

शनिवारी सकाळी मी ठरवलं, कुणाच्या बापाची गरज नाही. खोली अख्खी रिकामी झाली नाही तरी चालेल. जाळं एका बाजूला सारून अर्धी खोली मोकळी केली, तर अकरा पोरं बसतील. मी आतून दार लावून घेतलं, बाह्या सारल्या, जाळ्याचं एक टोक दिसलं ते धरलं आणि ओढलं.

आता मला कळलं आहे की रापण रचण्याची एक पद्धत असते. शेवटी ठेवलेलं टोक आधी निघतं. ते टोक छताजवळ होतं. मी धरलं ते तळाचं. जरा जोर लावल्यावर डोंगर हलल्यासारखा वाटला, म्हणून मी खूश होऊन आणखी जोर लावला. मग डोंगर खरोखरच हलला. तो माझ्या अंगावर आला. मी उजवीकडे सरकलो तर उजवा पाय अडकला. तो सोडवायला वाकलो तर शर्टाची बटणं अडकली. बटणं सोडवताना चष्मा गेला, आणि चष्म्यामागून हात गेला तो परत आला नाही. पाच मिनिटांत माझं फक्त तोंड आणि गळ्यातली शिट्टी मोकळी होती. तेव्हा मी शिट्टी वाजवली, ज्याचा उल्लेख वर केला आहे.

विमला टोपली घेऊन पाणंदीतून चालली होती. रिया बरोबर होती. विमलानं खिडकीतून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टोपली खाली ठेवून पाणंदीच्या दिशेनं तोंड करून ओरडली, "अरे बाबलीऽऽ! येवा रे सगळे! गुरुजी गावलेऽऽ!"

वाडीत मेलेल्या माणसाच्या घरीसुद्धा एवढ्या लवकर एवढी गर्दी होत नाही. दाराला आतून कडी, म्हणून सगळे खिडक्यांत. रविराज म्हणाले, "मी लेखी द्या म्हणालंय, ह्या करूक कोणी सांगल्यान?" विमलानं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "बाबली, वाट्यान घालूचे काय अख्खे?" शेवटी सळईनं कडी काढून त्यांनी मला बाहेर काढलं. जेसिंता दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. ती रडतेय असं मला वाटलं, म्हणून मी म्हटलं, "घाबरू नको, मला काही झालेलं नाही." ती हसत होती.

रियानं मला चष्मा आणून दिला. "गुरुजी," ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "तुमी उलट्या टोकाकडसून ओढलास."

तेवढ्यात हसणं थांबलं. बाबली जाळ्याजवळ गेला होता. त्यानं दोन-तीन ठिकाणी हात घालून बघितलं आणि मटकन खाली बसला. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. "गुतली," तो म्हणाला. "पुरी गुतली. आता एका रेषेत पसरल्याशिवाय सुटाची नाय."

"मग पसरू या की! किनाऱ्यावर..."

"किनारो खंय आसा, गुरुजी? पाणी सुरूंच्या मुळापर्यंत इला."

बावीस घरांचं पोट त्या जाळ्यावर होतं आणि मी एका सकाळीत त्याचा चेंडू करून ठेवला होता. मी घरी आलो.

रविवारी मिस्साला गेलो तर पाद्रीसुद्धा माझ्याकडे बघून खोकले. मान खाली घालून परत आलो. दुपारी रिया आली. हातात तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली वही. "गुरुजी, नाव घालून देवा. तुमचा अक्षर बरा आसा." मी पेन घेतलं. तिचं नाव लिहिलं, खाली 'इयत्ता चौथी' लिहिलं, त्याखाली शाळेचं नाव लिहायला गेलो आणि हात थांबला.

"गुरुजी," ती म्हणाली, "पलीकडच्या शाळेत पण तुमीच येतलास मां?"

अकरा पोरं जिल्ह्यातल्या सगळ्यांत वाईट खाडीवरून जाणार, आणि त्यांचा गुरुजी रुपेरी गाडीवर पावसाचा थेंब पडू नये म्हणून रिकामं गॅरेज राखत बसलेला! मला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत वाटली. मी शाळेचं नाव लिहिलं. सुरूवाडीचंच लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

ती गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "जेसिंता, मी रापण गॅरेजमध्ये ठेवणार आहे."

तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "दोन दिस वाट बघतंय तू केवा म्हणतंस ता," ती म्हणाली. "शटराची चावी खिळ्याक लावलेली आसा."

सोमवारी सात वाजता मी बाबलीच्या दारात होतो. आठ वाजता बावीस वाटेकरी शाळेच्या पडवीत होते, आणि त्यांच्या बायका, आणि नव्या गणवेशात माझी अकरा पोरं. पाऊस जरा उघडला होता. बाबली शाळेच्या पायरीवर उभा राहिला आणि त्यानं समोर बघितलं. शाळेच्या दारापासून आमच्या गॅरेजपर्यंत पाणंद सरळ जाते, एकही वळण नाही. मी त्या पाणंदीतून एकोणीस वर्षं चाललो, पण माझ्या ते कधी ध्यानात आलं नाही. बाबलीच्या आलं.

"गुरुजी! रापण हयच पसारता! नेता नेता सुटतली!"

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. बाबलीनं वरचं, बरोबर टोक काढलं आणि दोन माणसं ते घेऊन गॅरेजच्या दिशेनं चालू लागली. पाच-पाच पावलांवर एक माणूस. मोठी माणसं संपली तेव्हा बायका उभ्या राहिल्या, बायका संपल्या तेव्हा चौथी. जाळं हातातून हातात पुढं सरकत होतं, आणि जिथं गुंता येई तिथला माणूस 'थांबा रे!' म्हणून ओरडे, बोटांनी सोडवी आणि 'चला!' म्हणे. मी शिट्टी वाजवून तालावर चालवायला गेलो तर बाबली म्हणाला, "गुरुजी, ती शिट्टी आज खिशात घाला." घातली. मी रिया आणि विमलाच्या मध्ये उभा राहिलो आणि माझ्या वाट्याला आलेल्या गाठी सोडवल्या. पहिली सोडवायला मला रियाची मदत लागली. नंतरच्या चार माझ्या मीच सोडवल्या, आणि हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

साडेनऊला पाणंदीच्या तोंडाशी स्कूटर वाजली. पाटणकर साहेब रेनकोट घालून अर्धा तास आधीच आले होते. पाणंद या दगडी गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत जाळ्यानं भरलेली. साहेबांना पुढं जाता येईना. मागून दुधाची रिक्षा येऊन थांबली, तेव्हा मागंही जाता येईना.

"हे काय चाललंय? मला शाळेत जायचंय! दहाला प्रवेशोत्सव आहे!"

नेमकं त्याच वेळी त्यांच्या पुढ्यातल्या म्हाताऱ्याला ठसका लागला आणि जाळं खाली चिखलात जायला लागलं. "सायब, धरा!" विमला ओरडली. "बघतास काय? धरा!" विमलाचा आवाज ऐकून वाडीतले कुत्रेसुद्धा बसतात. साहेबांनी धरलं. पुढचा माणूस चालायला लागला तसे साहेबही चालायला लागले. सोडलं असतं तर जाळं चिखलात पडलं असतं आणि विमला बघत होती. असे ते गॅरेजपर्यंत आले, शटरातून आत आले आणि शेवटची घडी बसेपर्यंत दोन्ही हातांनी दोर धरून उभे राहिले.

रापण सुटली होती. एक गाठ राहिली नव्हती! बाबलीनं जाळ्यावर हात फिरवला आणि मग साहेबांपुढं येऊन हात जोडले.

"सायब, तुमी आता वाटेकरी. दर्याक नारळ देवन पयली रापण ओढली काय तुमचो वाटो घराक येतलो."

"नाही, नाही!" साहेब पांढरे पडले. "मी शासकीय कर्मचारी आहे! मला घेता येणार नाही."

"घेवा नायतर नका घेव, वाटो तुमचो तो तुमचोच. पण एक आसा. वाटेकऱ्यान रापणीच्या विरोधात कागद करूक नाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी अत्यंत सहानुभूतीनं मान हलवली. मलाही गेल्या गुरुवारीच कळलं होतं.

दहाला पाच कमी असताना आम्ही सगळे शाळेत परतलो. जेसिंता आणि विनीताबाईंनी तेवढ्यात खोली धुऊन काढली होती, बाकं मांडली होती, नकाशा टांगला होता. वास होता. साहेबांनी नमुना काढला. 'चौथीसाठी स्वतंत्र वर्गखोली : उपलब्ध / अनुपलब्ध'. वासासाठी त्यात रकाना नव्हता. साहेबांनी 'उपलब्ध'वर खूण केली, सही केली, तारीख घातली. मला त्या क्षणी त्यांना कडकडून मिठी मारावीशी वाटली, पण ते ओले होते.

तेवढ्यात पाऊस कोसळला. बाहेर थांबलेले वाटेकरी, बायका, रविराज, सगळे आत घुसले आणि मागच्या भिंतीला लागून उभे राहिले. साहेब शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले. पुढं माझी अकरा पोरं, हातांना बांगड्यांचा वास आणि गणवेशावर चिखल. मी टेबलाशी उभा राहिलो, नवी कोरी हजेरी उघडली आणि पहिलं नाव घेतलं. एकेक पोर 'हजर!' म्हणून ओरडत होतं. रियानं तर असा हजर दिला की मागं विमलानं कानांवर हात ठेवले.

अकरा झाली. मी हजेरी मिटायला गेलो.

"गुरुजी," मागून बाबली म्हणाला. तो भिंतीजवळून पुढं आला होता आणि खिडकीजवळच्या बाकावर हात ठेवून उभा होता. "माजी चौथी अर्धीच रवली. बापाशीक बरा नव्हता म्हणान मी हयसून उठून गेलंय. ह्याच बाकावरसून."

बाबली पंचावन्नच्या पुढचा माणूस. माझ्या हजेरीत त्याचं नाव नाही, असण्याचं कारण नाही, आणि मी नियमाचा माणूस आहे. मी हजेरी परत उघडली.

"बाबली हरिश्चंद्र मोर्जे."

"हजर, गुरुजी."

"एवढा उशीर?"

"रापणीवर होतंय, गुरुजी."

"बस," मी म्हटलं. तो त्या लहानशा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. रिया त्याला जागा द्यायला सरकली. मी फळ्याकडे वळलो. मोठ्या अक्षरांत 'इयत्ता चौथी' लिहिलं, खाली तारीख लिहिली आणि त्याखाली लिहिलं, 'पट अकरा, हजर बारा.' पाटणकर साहेबांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं आणि आपल्या नमुन्यात जसंच्या तसं उतरवून घेतलं.